पाच वेळा देशात पहिला, १९८७ नंतर रिकाम्या हाताने: इंडियानाच्या बास्केटबॉल संघाचं झालं तरी काय?

अमेरिकेच्या मधल्या पट्ट्यात इंडियाना नावाचं एक राज्य आहे. आकाराने महाराष्ट्राच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडं कमी, लोकसंख्या साधारण ६८ लाख. शेतात मोठी पिकं दोनच, मका आणि सोयाबीन. पण अमेरिकेत या राज्याची ओळख पिकांवरून होत नाही, ती होते बास्केटबॉलवरून. गोठ्याच्या भिंतीवर, घराच्या अंगणात, गल्लीच्या तोंडाला लोखंडी रिंग लावलेली दिसणार म्हणजे दिसणार.

या राज्याचा लाडका संघ म्हणजे ब्लूमिंग्टन शहरातल्या इंडियाना विद्यापीठाचा. टोपणनाव हूझियर्स. इंडियानाच्या कुठल्याही माणसाला हूझियर म्हणतात, तेच नाव संघाने घेतलं. या संघाने पाच वेळा देशाचं विजेतेपद जिंकलं: १९४०, १९५३, १९७६, १९८१ आणि १९८७. त्याचे पाच मोठे लाल बॅनर आजही त्यांच्या हॉलमध्ये छतापासून लटकतात.

सहावा बॅनर काही लागला नाही. २०१७ ते २०२५ या काळात देशपातळीवरची स्पर्धा आठ वेळा भरली, त्यात या संघाला प्रवेशच मिळाला फक्त दोनदा. कोच बदलले, करोडो डॉलर गेले, खेळाडू आले आणि गेले. ज्या राज्यात पोरगं चालायला लागलं की त्याच्या हातात बास्केटबॉल देतात, तिथल्या सगळ्यात मोठ्या संघाची ही गत का झाली, ते जरा सविस्तर बघू.

आपल्याकडच्या कॉलेज मॅचसारखं हे नाही

कॉलेजची मॅच म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर येतं ते मैदान, कडेला उभी पन्नास-साठ पोरं, आणि शेवटी प्राचार्यांच्या हस्ते कप. तिकडचा मामला वेगळा आहे. इंडियानाच्या असेंब्ली हॉलमध्ये १७ हजारांवर माणसं बसतात. सामने टीव्हीवर लागतात. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत सरकारी पगार घेणाऱ्यांमध्ये सगळ्यात जास्त पगार राज्यपालाचा नसतो, तो विद्यापीठाच्या फुटबॉल किंवा बास्केटबॉल कोचचा असतो.

हंगाम नोव्हेंबरात सुरू होतो. विद्यापीठांचे गट असतात, आधी गटात खेळायचं. इंडियानाच्या गटाचं नाव बिग टेन, म्हणजे 'मोठे दहा'. त्यात सध्या १८ विद्यापीठं आहेत, पण नाव बदलायच्या भानगडीत कोणी पडलं नाही. मग मार्चमध्ये देशभरातून ६८ संघ निवडले जातात. ही एनसीएए या संस्थेची स्पर्धा. हरला की घरी, दुसरी संधी नाही. तीन आठवडे अख्खा देश हेच बघत बसतो.

खेळाडू हे विद्यार्थी असतात. चांगल्या खेळाडूला स्कॉलरशिप मिळते, म्हणजे फी, राहणं, जेवण माफ. खेळायला साधारण चार हंगाम मिळतात. पुढे ज्याचं नशीब जोरात, तो एनबीएत, म्हणजे व्यावसायिक लीगमध्ये जातो. २०२१ पर्यंत विद्यार्थी असताना खेळातून पैसा कमवायला बंदी होती. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचाच घोळ आहे.

गावची शाळा, गावचा संघ

बास्केटबॉलचा जन्म इंडियानात झाला नाही. जेम्स नाइस्मिथ नावाच्या शिक्षकाने १८९१ साली मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या स्प्रिंगफील्डमध्ये हा खेळ काढला. हिवाळ्यात पोरांना आत कोंडून ठेवायचं तर काहीतरी खेळ हवा, म्हणून त्याने पीच फळांच्या दोन टोपल्या वर टांगल्या. पण खेळ रुजला तो इंडियानात. कारण सरळ होतं. मका काढून झाला की तिथं बर्फ पडतं आणि शेतकरी रिकामा असतो. शाळा लहान, पोरं मोजकी. अमेरिकन फुटबॉलला ११ गडी लागतात आणि वर सगळं महागडं सामान. बास्केटबॉलला पाच पोरं पुरे, एक बॉल पुरे.

१९११ पासून राज्यात शाळांची एकच मोठी स्पर्धा व्हायची. तिची खासियत म्हणजे लहान शाळा, मोठी शाळा असा भेद नाही. सगळे एकाच मांडवात. १९५४ साली मायलन नावाच्या गावाने इतिहास केला. गावाची लोकसंख्या अकराशेच्या आसपास, शाळेत सगळे मिळून १६१ विद्यार्थी. त्यांनी फायनलमध्ये मन्सी सेंट्रल या दांडग्या शाळेला ३२-३० ने हरवलं. बॉबी प्लंप नावाच्या पोराने चौथ्या डावात चार मिनिटांहून जास्त वेळ बॉल नुसता हातात धरून ठेवला, आणि शेवटच्या क्षणी बास्केट मारली. याच सामन्याच्या आधारावर १९८६ मध्ये 'हूझियर्स' हा सिनेमा निघाला.

शाळेचा सामना असला की गावं ओस पडायची. १९९० ची राज्य फायनल बघायला इंडियानापोलिसमध्ये ४१,०४६ लोक आले. शाळेच्या पोरांचा सामना आहे हा, विसरू नका. सगळे आले होते हेल्टनव्हिल या खेड्यातल्या डेमन बेलीसाठी. त्याचा संघ जिंकला, आणि तो पोरगा पुढे कुठे गेला? ब्लूमिंग्टनलाच. चार वर्षं खेळला.

हा जो रस्ता होता, खेड्यातली शाळा ते राज्याचं विद्यापीठ, तो त्या संघाचा कणा होता. विद्यापीठाला खेळाडू हुडकत फार लांब जावं लागत नसे.

१९९७-९८ पासून राज्याने शाळांची स्पर्धा पटसंख्येप्रमाणे वेगवेगळ्या वर्गांत वाटली. लहान शाळांनाही कप मिळावा हा हेतू. कप मिळाले, पण मायलनसारखी गोष्ट आता नियमानेच घडू शकत नाही, आणि सामन्यांची गर्दीही ओसरली. निर्णय बरोबर की चूक यावर तिकडे अजून भांडणं होतात. आम्हाला विचाराल तर लहान शाळेला मोठ्या शाळेशी भिडायची संधी हीच त्या स्पर्धेची खरी गंमत होती.

पहिले दोन बॅनर, आणि बिल गॅरेट

विद्यापीठाचा संघ १९०१ च्या सुमारास सुरू झाला. पहिला मोठा काळ आला तो ब्रँच मॅक्रॅकन या कोचच्या हाताखाली. हा गडी इंडियानाचाच, याच विद्यापीठाकडून खेळलेला. त्याचा संघ धावत सुटायचा, म्हणून लोक 'घाई करणारे हूझियर्स' म्हणायचे. १९४० मध्ये त्यांनी फायनलला कॅन्सस विद्यापीठाला ६०-४२ ने हरवलं. तेव्हा स्पर्धेत आठच संघ असायचे. १९५३ मध्ये पुन्हा समोर कॅन्ससच, आणि निकाल ६९-६८. एका गुणाने.

या दोन विजेतेपदांच्या मधे एक गोष्ट घडली जी कपापेक्षा मोठी आहे. बिग टेन गटात त्या काळी कागदावर नसलेला एक करार होता: कृष्णवर्णीय खेळाडू बास्केटबॉलच्या संघात घ्यायचा नाही. नियम कुठेच लिहिलेला नाही, पण पाळतात सगळे. असे नियम कसे चालतात हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

१९४७ साली शेल्बीव्हिलच्या शाळेने राज्य जिंकलं. त्या संघातला बिल गॅरेट हा त्या वर्षीचा राज्यातला सर्वोत्तम खेळाडू ठरला. तो कृष्णवर्णीय होता, म्हणून त्याला कुठल्याच मोठ्या विद्यापीठाचं बोलावणं नाही. इंडियानापोलिसमधल्या कृष्णवर्णीय पुढाऱ्यांनी विद्यापीठाचे अध्यक्ष हर्मन वेल्स यांच्याकडे धरणं धरल्यासारखा तगादा लावला. वेल्स यांनी ऐकलं, मॅक्रॅकनने संघात घेतलं. १९५१ मध्ये शेवटच्या घरच्या सामन्यात गॅरेट मैदानाबाहेर आला तेव्हा अख्खा हॉल उठून उभा राहिला. त्यानंतर इतर विद्यापीठांचीही दारं उघडली. हाच गॅरेट पुढे इंडियानापोलिसच्या क्रिस्पस अ‍ॅटक्स शाळेचा कोच झाला आणि १९५९ मध्ये त्या शाळेला राज्य जिंकून दिलं.

बॉब नाइट: देवळातला देव आणि डोक्याला ताप

१९७१ साली सैन्याच्या अकादमीतून एक तरुण कोच आला. बॉब नाइट. तो २९ वर्षं राहिला, त्यात २४ वेळा संघ देशाच्या स्पर्धेत पोचला आणि तीनदा जिंकला.

त्याची पद्धत समजून घेतली तर आजची अडचण आपोआप समजते. साधारणपणे कोच ठरवून देतो, तू इथे पळ, तू तिथे पास दे. नाइटकडे तसं पाठांतर नव्हतं. त्याच्या संघातल्या पाचही जणांनी सतत हलत राहायचं, समोरचा बचाव कुठे ढिला पडतो ते बघायचं, एकमेकांना आडोसा करून द्यायचा आणि मोकळ्या गड्याला पास द्यायचा. बचावात प्रत्येकाने आपला माणूस सोडायचा नाही. ऐकायला सोपं, करायला महाकठीण. दुसरा काय करणार हे न बोलता कळायला दोन-तीन वर्षं एकत्र घाम गाळावा लागतो. जुन्या वस्तादाच्या तालमीसारखं. नवीन पोरगा कितीही हुशार असला तरी पहिलं वर्ष बहुतेक बाकावर जायचं.

१९७६ चा संघ बघा. पहिल्या पाचातले चार जण शेवटच्या वर्षाला होते. तिघे इंडियानाच्याच शाळांतले: न्यू कॅसलचा केंट बेन्सन, अँडरसनचा बॉबी विल्करसन, साउथ बेंडचा टॉम अ‍ॅबरनेथी. बाहेरचे दोघे, स्कॉट मे आणि क्विन बकनर. आदल्या वर्षीही ते सगळे सामने जिंकत आले होते, पण मेचा हात मोडला आणि केंटकीने ९२-९० ने स्पर्धेबाहेर काढलं. तोच संघ पुढच्या वर्षी परत आला आणि ३२ पैकी ३२ सामने जिंकला. फायनलला मिशिगनला ८६-६८. २०२५ पर्यंत पुरुषांच्या मोठ्या कॉलेज संघांपैकी कुणालाही संपूर्ण हंगाम न हरता विजेतेपद घेता आलेलं नव्हतं.

१९८१ ला आयझेया थॉमसच्या जोरावर नॉर्थ कॅरोलिनाला ६३-५० ने हरवलं. १९८७ ला सिरॅक्यूसविरुद्ध शेवटच्या काही सेकंदांत कीथ स्मार्टने बास्केट मारली आणि ७४-७३ झालं. त्या संघाचा कणा न्यू कॅसलचा स्टीव्ह अल्फोर्ड होता, चार वर्षं तिथेच मुरलेला. गंमत अशी की शेवटचा शॉट मारणारा स्मार्ट मात्र दोन वर्षं दुसऱ्या लहान कॉलेजात काढून आलेला होता. म्हणजे बाहेरून आलेला खेळाडू नाइटलाही चालत होता, पण भाजीत मिठाएवढा.

आता दुसरी बाजू. नाइट तापट होता, आणि हा शब्दही सौम्य आहे. १९८५ मध्ये पर्ड्यू विद्यापीठाविरुद्धच्या सामन्यात पंचांवर चिडून त्याने प्लास्टिकची खुर्ची मैदानात भिरकावली. खेळाडूंना जाहीर शिव्या तर रोजच्या. लोक हसून सोडून द्यायचे, कारण संघ जिंकत होता. जवळच्याच फ्रेंच लिक गावचा लॅरी बर्ड १९७४ मध्ये त्याच्याकडे आला आणि महिनाही न टिकता घरी परतला. एवढ्या मोठ्या विद्यापीठात तो बुजला होता. पुढे छोट्या इंडियाना स्टेट विद्यापीठाला त्याने १९७९ च्या फायनलपर्यंत नेलं, आणि जगातल्या सर्वोत्तम खेळाडूंत त्याची गणना झाली.

२००० साली एक जुना व्हिडिओ बाहेर आला. त्यात सरावाच्या वेळी नाइटचा हात एका खेळाडूच्या मानेवर दिसत होता. विद्यापीठाने शेवटची ताकीद दिली. सप्टेंबरात एका विद्यार्थ्याने त्याला नुसतं आडनावाने हाक मारली म्हणून नाइटने त्याचा दंड धरला आणि सुनावलं. नोकरी गेली. हजारो विद्यार्थी रस्त्यावर आले, अध्यक्षांच्या घरापुढे घोषणा झाल्या. नाइट नंतर जवळजवळ २० वर्षं त्या हॉलमध्ये पाऊल ठेवायला तयार नव्हता. फेब्रुवारी २०२० मध्ये तो आला तेव्हा म्हातारी माणसं रडत होती. सामना पर्ड्यूशी होता. इंडियाना हरली. नोव्हेंबर २०२३ मध्ये नाइट गेला.

सहा कोच, सहा नव्या सुरुवाती

नाइटनंतर मदतनीस माइक डेव्हिस कोच झाला. २००२ मध्ये कोणाच्या ध्यानीमनी नसताना त्याने संघ फायनलला नेला, वाटेत ड्यूकसारख्या संघाला ७४-७३ ने गारद केलं. फायनल मेरीलँडने जिंकली. इंडियानाचा अंतिम चारात यायचा तो शेवटचा प्रसंग. चार वर्षांनी डेव्हिसही गेला.

मग २००६ मध्ये केल्विन सॅम्पसन. त्याने शाळकरी खेळाडूंना ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त फोन केले, नियम मोडला. २००८ च्या फेब्रुवारीत, हंगाम चालू असताना, साडेसात लाख डॉलर घेऊन तो बाहेर पडला. संघ अक्षरशः रिकामा झाला, पुढच्या हंगामात ६ विजय आणि २५ पराभव. फोनचा तो नियम एनसीएएने काही वर्षांनी सैल करून टाकला. आणि सॅम्पसनने २०२५ मध्ये ह्यूस्टन विद्यापीठाला फायनलपर्यंत नेलं. नशीब म्हणतात ते हेच.

टॉम क्रीनने पडलेलं घर पुन्हा उभं केलं. २०११ च्या डिसेंबरात देशात एक नंबरवर असलेल्या केंटकीला शेवटच्या सेकंदाला हरवलं तेव्हा प्रेक्षक मैदानात उतरले. २०१३ आणि २०१६ ला त्याने बिग टेन जिंकलं. पण देशाच्या स्पर्धेत संघ शेवटच्या १६ च्या पुढे जाईना. २०१७ मध्ये क्रीनला काढलं. त्याच्या जागी आर्ची मिलर, चार वर्षांत एकदाही देशाच्या स्पर्धेत नाही (२०२० ची स्पर्धा कोरोनाने रद्द झाली, हे खरं). २०२१ मध्ये त्याला काढताना करारापोटी एक कोटी डॉलरच्या वर रक्कम द्यावी लागली, ती श्रीमंत देणगीदारांनी भरली. रुपयांत ऐंशी-नव्वद कोटी, आणि तेही काम न करण्याचे.

पुढे माइक वुडसन, नाइटचाच जुना खेळाडू. घरचा माणूस आणला की घर सावरेल ही आशा. २०२२ आणि २०२३ ला स्पर्धेत प्रवेश मिळाला, नंतर दोन वर्षं नाही. २०२५ मध्ये स्वतःच्याच हॉलमध्ये त्याला काढा म्हणून घोषणा झाल्या. त्यानेही पद सोडलं. मार्च २०२५ मध्ये डॅरियन डिव्हरीज आला.

नियमच बदलले, हेही खरं

पूर्वी विद्यापीठ बदलायचं तर खेळाडूला एक वर्ष बाहेर बसावं लागायचं. त्यामुळे पोरगं रुसलं, चिडलं, तरी सहसा तिथेच राहायचं. २०१८ पासून नाव नोंदवायची ऑनलाइन यादी आली, तिला पोर्टल म्हणतात. २०२१ मध्ये एकदा विनादंड बदल करायची मुभा मिळाली. २०२४ पासून अभ्यासात पास असलात तर कितीही वेळा बदला.

त्यातच १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना आपलं नाव, फोटो आणि ओळख वापरून पैसा कमवायला परवानगी मिळाली. जाहिरात करा, दुकानाचं उद्घाटन करा, देणगीदारांच्या मंडळाकडून मानधन घ्या. २०२५ च्या जूनमध्ये कोर्टाच्या तडजोडीनंतर विद्यापीठांनी थेट पैसे द्यायचा रस्ता मोकळा झाला: पहिल्या वर्षी एका विद्यापीठाला सगळ्या खेळांत मिळून दोन कोटी पाच लाख डॉलरपर्यंत.

पोरांच्या बाजूने बघितलं तर यात वावगं काही नाही. हॉल त्यांच्या घामावर भरतो, कोच करोडपती होतो, आणि त्यांना म्हणायचं तुम्ही फक्त शिका? इतकी वर्षं ही लबाडीच चालली होती. पण परिणाम काय झाला तेही बघितलं पाहिजे. २०२५ मध्ये वुडसन गेला आणि संघातले जवळजवळ सगळे खेळाडू गेले, कुणाचं शिक्षण संपलं, कोणी दुसरीकडे नाव नोंदवलं. डिव्हरीजने पहिल्या हंगामासाठी उभा केला तो जवळजवळ पूर्ण नवा संघ. ज्या विद्यापीठाने जगाला दाखवलं की चार वर्षं एकत्र मुरलेली पाच पोरं काय करू शकतात, तिथल्या प्रेक्षकाला दर नोव्हेंबरात आधी नावं पाठ करावी लागतात. त्यात या संघाच्या जर्सीवर खेळाडूचं नाव लिहायची पद्धत नाही. जुनी परंपरा, संघ मोठा, माणूस लहान.

मग दोष फक्त नियमांचा का?

तसं म्हणता येत नाही, आणि याचा पुरावा त्याच राज्यात आहे.

वेस्ट लफायेटचं पर्ड्यू विद्यापीठ हे इंडियानाचं हाडवैर. नियम तेच, गट तोच, शाळाही त्याच. १९८० पासून पर्ड्यूने कोच बदलला फक्त एकदा. २००५ पासून मॅट पेंटर आहे, इंडियानाच्याच मन्सीचा. २०२१, २०२२ आणि २०२३ अशी तीन वर्षं त्याचा संघ देशाच्या स्पर्धेत आपल्यापेक्षा फार कमकुवत समजल्या जाणाऱ्या संघांकडून हरला. २०२३ ला तर पहिल्याच फेरीत, यादीत सगळ्यात खालच्या फेअरली डिकिन्सनकडून. देशभर थट्टा झाली. इंडियानात असता तर त्याचं सामान त्याच आठवड्यात बाहेर आलं असतं. पर्ड्यूने हलवलं नाही. खेळाडूही बरेचसे थांबले. पुढच्याच वर्षी, २०२४ ला, तोच संघ फायनलला. कनेटिकटकडून हरले आणि विजेतेपद हुकलं, हेही सांगायला हवं. पण अंतिम दोनात कोण होतं आणि घरी टीव्हीवर कोण बघत होतं?

दुसरा पुरावा तर घरातलाच. इंडियाना विद्यापीठाचा फुटबॉल संघ (हा अंडाकृती चेंडूचा अमेरिकन फुटबॉल) म्हणजे शंभर वर्षांची थट्टा होती. देशात सर्वांत जास्त सामने हरलेल्या संघांत त्याचं नाव वर. २०२३ च्या शेवटी कर्ट सिग्नेटी कोच म्हणून आला, आपल्या जुन्या विद्यापीठातले खेळाडू पोर्टलमधूनच सोबत घेऊन. पहिल्या हंगामात ११ विजय, २ पराभव. दुसऱ्यात १६ पैकी १६, आणि जानेवारी २०२६ मध्ये मायामीला २७-२१ ने हरवून देशाचं विजेतेपद. म्हणजे नवे नियम त्याच गावात, त्याच विद्यापीठात कामाला आले, पण भलत्याच खेळाला. आता थेट द्यायच्या पैशांत बहुतेक मोठ्या विद्यापीठांत सगळ्यात मोठा वाटा फुटबॉलचा असतो. बास्केटबॉलच्या राज्यात बास्केटबॉल धाकटा भाऊ होतो की काय, ही तिथल्या जुन्या लोकांची धास्ती खोटी नाही.

आमच्या मते खरं दुखणं त्या पाच बॅनरमध्ये आहे. येणाऱ्या प्रत्येक कोचची तुलना शेजारच्या संघाशी होत नाही, १९७६ शी होते. त्या मापाने सगळेच बुटके. दोन-तीन वर्षांत लोक अधीर होतात, देणगीदार पाकीट उघडतात, कोच जातो, आणि आता तर त्याच्यासोबत संघही जातो. पूर्वी कोच गेला तरी निम्मी पोरं मागे राहायची, पुढच्याला काहीतरी हाताशी असायचं. आता कोच बदलणं म्हणजे शून्यातून सुरुवात. नियम सैल झाले तेव्हा धीर जास्त लागणार होता, आणि नेमका तोच इथे कमी पडला.

नुसतं टिकून राहिलं की सगळं होतं असंही नाही. ट्रे गॅलोवे आणि अँथनी लील ही इंडियानाचीच दोन पोरं. लील तर ब्लूमिंग्टनचाच. दोघं २०२० ला आले, दोन कोच बघितले, इतरांसारखी पिशवी उचलली नाही आणि २०२५ पर्यंत पाच हंगाम थांबले. त्यांच्या भोवतीचा संघ मात्र दर वर्षी बदलत राहिला. शेवटच्या दोन वर्षांत त्यांना देशाच्या स्पर्धेत खेळायलाही मिळालं नाही.

देशाच्या स्पर्धेत कोणते ६८ संघ खेळणार ते मार्चमधल्या एका रविवारी संध्याकाळी अमेरिकेत टीव्हीवर जाहीर करतात. आपल्याकडे तेव्हा सोमवारची पहाट असते, साधारण साडेतीन. इंडियानात त्या संध्याकाळी आजही लोक टीव्हीसमोर बसून आपल्या विद्यापीठाचं नाव येतंय का बघतात.